आठवीची शाळा पाहायला जाताना टेप सोबत घ्या

माझी लेक वॉकर धरून चालते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा कमी. पाय ताठ, उजव्या हाताची पकड कच्ची, बोलणं सावकाश. समजतं सगळं, फक्त कागदावर उतरायला वर्गातल्या पोरींच्या दुप्पट वेळ लागतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. तिथल्या तिन्ही गुरुजींना ती लहानपणापासून माहीत होती, म्हणून कुणाला काही सांगावं लागलं नाही. आठवीला मात्र गाव सोडावं लागतं, आणि तिथे मी पहिल्यांदा चुकले.

तालुक्याच्या मोठ्या हायस्कूलला नाव घातलं. दहावीचा निकाल चांगला, इमारत नवी. मी पाहायला गेले ती 26 जानेवारीला. रांगोळ्या होत्या, पोरं लेझीम खेळत होती, सर लोक हसून बोलले. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात लेकीला ताप आला, लघवीला जळजळ व्हायला लागली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "ही दिवसभर पाणी पीत नाही का?" घरी येऊन दप्तरातली बाटली पाहिली तर सकाळी भरली तशीच. शाळेच्या संडासाच्या दारातून तिचा वॉकर आत जात नव्हता, म्हणून तिने पाणीच सोडलं होतं. मला सांगितलं नाही, कारण शाळा सुटेल अशी तिला भीती.

मी शिवणकाम करते. दुसऱ्या दिवशी ब्लाऊजचं माप घ्यायचा टेप घेऊन शाळेत गेले. दार 21 इंच, वॉकर 23 इंच. दिवाळीनंतर शाळा बदलली. त्याआधी तीन शाळा पाहिल्या, टेप घेऊन, आणि तिन्ही वेळा लेकीला सोबत नेऊन.

म्हणून पहिलं सांगणं हे की शाळा साध्या दिवशी पाहा, आणि मधल्या सुट्टीत पाहा. तेव्हाच कळतं की संडासात पाणी आहे की दाराला कुलूप आहे, आतून कडी लागते का, धरायला काही आहे का. मुलगी असेल तर पाळीच्या दिवसांत कुणाला हाक मारायची, हे तिथल्या मॅडमला स्पष्ट विचारा. लाजू नका. निकालाचा फलक नंतर वाचा.

रॅम्पही मोजा. एक फूट उंच चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फुटांचा उतार. बऱ्याच शाळांत चार-पाच फुटांत उरकलेला असतो. त्यावरून व्हीलचेअर ढकलणाऱ्याचाही पाय घसरतो. नववी-दहावीचे वर्ग माडीवर असतील तर विचारा, "आमच्या पोरीचा वर्ग खाली आणाल का?" एका ठिकाणी उत्तर मिळालं, "ताई, एका पोरीसाठी अख्खा वर्ग कसा हलवायचा?" दुसऱ्या ठिकाणी, शेजारच्या गावातल्या लहान शाळेत, मुख्याध्यापक म्हणाले, "त्यात काय एवढं, आठवी वर नेऊ अन् नववी खाली आणू." माझा निर्णय तिथेच अर्धा झाला.

पाहायची सुरुवात सातवीच्या दिवाळीनंतर करा. आपल्याकडे जून उजाडला की पेरणी, मग कुणाच्याच हातात वेळ नसतो, आणि कागद तर त्याहून हळू चालतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) नसेल तर सर्वांत आधी ते करा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपण निवडू तिथे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, चौदाव्या वर्षी संपतो म्हणून नववीत फी मागितली तर हे लक्षात ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट. शाळेच्या यू-डायस नोंदीत (शाळा सरकारला देते ती मुलांची माहिती) मुलाचं दिव्यांगत्व चढवलं आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारून खात्री करा. ती नोंद नसेल तर मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांच्या यादीत नाव येणं अवघड.

"आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" असं कुणी म्हटलं तर भांडू नका. फक्त म्हणा, "सर, हे लिहून द्या." सहसा कुणी लिहून देत नाही, कारण मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही. तरीही अडलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यापुढे जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. अर्जाची पोच घ्या. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळा पाहायलाच सोबत न्या. आमच्या मॅडम आल्या आणि मला सुचलेच नसते असे प्रश्न त्यांनी विचारले.

त्यातला सर्वांत मोठा प्रश्न परीक्षेचा होता. बोर्डात पात्र मुलांना तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, मिळतो. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आमच्यासाठी अमरावती. सगळे सर म्हणतात, "दहावीत पाहू." दहावीत पाहून चालत नाही. लेखनिकाला सांगून लिहून घेणं ही वेगळी विद्या आहे. भूमितीची आकृती बोलून कशी काढून घ्यायची? "रेषा एबी सहा सेंटिमीटर, ए पाशी कोन साठ" असं एकामागून एक सांगावं लागतं, आणि समोरच्याने स्वतःच्या मनाने पुढे जाऊ नये. माझी लेक पहिल्या वेळी गोंधळून रडली. आता घटक चाचणीलाही आठवीतली एक पोरगी तिची लेखनिक असते, दोघींची लय जमली आहे. म्हणून शाळेला विचारा, "आठवीपासून चाचणीला जादा वेळ आणि लेखनिक द्याल का?" हो म्हणणारी शाळा पुढेही करते.

हायस्कुलात तासागणिक सर बदलतात, हे आपण विसरतो. मी एक पानाचं पत्र लिहिलं आणि सातही शिक्षकांना हातात दिलं. त्यात एवढंच: तिला उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढं थांबा. फळ्यावरचं उतरवून होत नाही, मैत्रिणीच्या वहीचा फोटो घरी पाठवू द्या. खेळाच्या तासाला वर्गात एकटी बसवू नका, गुण मोजायला तरी मैदानावर न्या. गणिताच्या सरांनी ते पत्र हजेरीपटात ठेवलं.

येण्याजाण्याचा हिशेबही आधीच करा. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि आमच्या रस्त्याने शाळेच्या मुलींसाठीची मानव विकास योजनेची निळी बस जाते. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत असते, 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मी. पण सवलतीपेक्षा बसची पायरी उंच, हे खरं दुखणं. पहिले पंधरा दिवस मी स्वतः चढवलं, मग गावच्या दोन पोरी आपणहून करायला लागल्या. बस चुकली तर कोण आणणार, हे ठरवल्याशिवाय लांबची शाळा घेऊ नका.

विशेष शाळेला कमी समजू नका. माझ्या मामेबहिणीचा मुलगा कर्णबधिर. साध्या शाळेत तो चार वर्षं मुका बसला; निवासी मूकबधिर शाळेत गेल्यावर खुणांच्या भाषेत भांडायलासुद्धा शिकला. वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांची शाळा आहे, तशा ठिकाणी ब्रेल किंवा खुणांची भाषा येणारे शिक्षक भेटतात. मात्र वसतिगृह रात्रीचं पाहून या, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोला. माझ्या लेकीला आधाराशिवाय चालता येत नाही, बोलायला-लिहायला वेळ लागतो एवढंच, भाषा तिला वर्गातलीच हवी होती, म्हणून आम्ही साधी शाळा घेतली.

शाळा ठरली तरी पहिला मोठा पाऊस पडला की पुन्हा एकदा जाऊन या. आपली काळी माती, फाटकापासून वर्गापर्यंत चिखल झाला की वॉकरची चाकं रुतून बसतात. उन्हाळ्यात हे दिसतच नाही. आमच्या शाळेत तसंच झालं. ग्रामपंचायतीला अर्ज केला, सरपंच ताईंनी दोन ट्रॉली मुरूम दिला आणि तो पोरीच्या बाबांनी, शाळेच्या शिपाईभाऊंनी मिळून एका रविवारी पसरवला.