कणकुंबीच्या रानात वाट चुकली तर: कंपास की मोबाईल?

रेंज गेली म्हणजे जीपीएस पण गेलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. चार सॅटेलाइट दिसली की मोबाईल जागा दाखवतो, नेट लागतं ते नकाशा उघडायला, म्हणून बेळगावातनं निघायच्या आधी घरच्या वायफायवर जांबोटी-कणकुंबीचा नकाशा डाउनलोड करून ठेवा आणि गाडी लावली की तिथंच पिन टाका. मी एकदा विसरलो, मग अंधार पडेपर्यंत स्वतःचीच गाडी शोधत हिंडलो.

पण जीपीएसला तुम्ही उभे राहिलात की तुमचं तोंड कुठं आहे ते कळत नाही. स्क्रीनवरचा बाण फिरतो तो मोबाईलमधल्या कंपासवर, आणि कव्हरला मॅग्नेट असलं तर तो काहीही दाखवतो. त्यात दाट झाडीखाली ठिपका उड्या मारतो, ओढ्याच्या ह्या काठाला आहे की त्या, तेच समजत नाही. म्हणून खिशात साधा कंपास पाहिजेच, तो छातीसमोर आडवा धरायचा, मोबाईल आणि गाडीपासून लांब.

आता मेन गोष्ट. जुनी माणसं सांगतात वाट चुकली तर पाण्याबरोबर खाली चला, गाव लागतंच. आमच्या ह्या घाटाच्या कडेवर हे अंगलट येतं बघा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावून पूर्वेला जाते आणि तिथनं जवळच म्हादईचं पाणी पश्चिमेला गोव्यात उतरतं, म्हणजे चुकीचा ओढा धरला की तुम्ही घाटाखालच्या रानात. ओढा वळणं घेतो, एका वळणावर पाण्याची दिशा ठरवू नका, थोडं चालून दोनतीनदा कंपास लावा आणि मगच ठरवा.

कंपास नसला तर काठी रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा, वीस मिनिटांनी दुसरा. पहिला पश्चिम, दुसरा पूर्व. दुपारची सावली उत्तरेला पडते हे मात्र विसरा, मेच्या सुरुवातीपासनं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडं ती दक्षिणेला पडते (जूननंतर ऊन दिसलं तर!). रात्री ध्रुवतारा क्षितिजापासनं सोळा अंशांवर, हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ वर, मध्ये डोंगर आला की संपलं.

सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगू नका, बेकायदेशीर आहे.

आणि एखादा गवळी भेटला तर नकाशातलं कन्नड नाव वाचून दाखवू नका, "मामा, जांबोटीची बस कुठल्या फाट्यावर मिळंल?" एवढंच विचारा.