शाळेत ‘लक्ष ठेवा’ म्हणू नका, काम सांगा

दरवर्षी जून तोंडावर आला की ओळखीपाळखीतल्या दिव्यांग मुलांच्या आया ‘शाळेत काय सांगू?’ म्हणून मला फोन करतात. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातपाय नीट वळत नाहीत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, आता हायस्कुलात आहे. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे फोन कानाला आणि मशीन चालू, असं आमचं बोलणं होतं. फोनवर जे सांगते तेच इथे लिहितेय.

शाळेत गेल्यावर एक वाक्य बोलायचं नाही: ‘बाई, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा हं.’ लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे भरलेल्या वर्गातल्या बाईंना कुठून कळणार? त्या ‘हो हो’ म्हणतात, आपण समाधानाने घरी येतो आणि दिवाळीपर्यंत दोन्हीकडे कुरबुर सुरू होते. त्यापेक्षा असं सांगा: ‘मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी हिला वर्गाबाहेर सोडा, म्हणजे पोरांच्या लोंढ्यात ती पडणार नाही.’ हे काम झालं. ते झालं की नाही, ते त्यांनाही दिसतं, आपल्यालाही.

पहिल्या दिवशी मात्र हे काढू नका. प्रवेशोत्सवाची गडबड असते, फुगे, गुलाबाची फुलं, पुस्तकांचं वाटप, पाहुणे. वर्गशिक्षक ठरले की पुढच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर जा. जाताना एक कागद न्या. एकच. दवाखान्याची फाइल घरी ठेवा. ती जाड फाइल टेबलावर आली की शिक्षक खुर्चीत मागे सरकतात, हे मी पाहिलंय. त्यांना वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरांचं काम आहे. बऱ्याच शिक्षकांच्या नकारामागे आकस नसतो, भीती असते. पोरगं वर्गात पडलं तर, त्याला काही झालं तर, मग जाब कोण देणार?

आमचा कागद मी दरवर्षी नव्याने लिहिते. मुलगी पाचवीत होती तेव्हाचा असा होता:

‘समजतं सगळं, बोलायला वेळ लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, उत्तर येईल.
डाव्या हाताने लिहिते. उजवा हात कडक आहे, ओढू नका.
बाक भिंतीकडेचा, पहिला किंवा दुसरा. पाय जमिनीला टेकायला हवेत, नाहीतर लिहिताना तोल जातो.
मोठा आवाज झाला की अंग दचकतं. ती फिट नव्हे. काही करायचं नाही, शिकवणं चालू ठेवा.
उठायला मदत हवी असली तर ती स्वतः हात पुढे करते. तोवर उचलू नका.
गणित आवडतं. कबड्डीचे गुण मांडायला बसवा, चोख मांडते.’

आजाराचं नाव शेवटच्या ओळीत, आमचा फोन नंबर त्याच्याखाली. याच्या चार प्रती काढा: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पीटीचे सर आणि शिपाई मावशी. हायस्कुलात तासाला शिक्षक बदलतात, म्हणून तिथे वर्गशिक्षकांना विचारून एक प्रत हजेरीपटात ठेवायला द्या. ऑफ तासाला येणाऱ्या शिक्षकांच्याही नजरेला ती पडते.

आता मावशींबद्दल. शाळेतलं सगळ्यात महत्त्वाचं नातं कुठलं म्हणाल तर मी मुख्याध्यापकांचं सांगणार नाही. आमच्या पोरी शाळेत पाणी पीत नाहीत. का, तर लघवीला जावं लागेल म्हणून. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत आली, तर अभ्यासाचं राहू द्या, आधी शौचालयात काय चाललंय ते बघा. एका शाळेत मी बघितलं: दिव्यांगांचं शौचालय बांधलेलं, आत कमोड, बाजूला दांडी, सगळं नियमाप्रमाणे. आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात, आत खराटे, फुटक्या बादल्या आणि चुन्याची पिशवी. मी तक्रार केली नाही. ‘किल्ली मावशींच्या कमरेला राहू दे आणि सामान दुसरीकडे ठेवू या,’ एवढं मुख्याध्यापकांना म्हटलं आणि सामान हलवायला स्वतः हात लावला. त्याच आठवड्यात ते दार उघडं झालं.

मावशींचं काम हलकं करणं मात्र आपल्या हातात असतं. गणवेशाची नाडी, हूक, चेन सगळं काढून टाका आणि कमरेला रुंद इलॅस्टिक घाला. चिकटपट्टी (वेल्क्रो) लावायची तर बुटांना लावा; कपड्यांना लावली की उघडताना चर्र आवाज होतो आणि पोरं हसतात. सलवारीचा घेर थोडा जास्त ठेवा, म्हणजे पायांना आधार देणारे कॅलिपर्स आत मावतात. कुर्त्याची बाजूची चीर वर घेतली की बसताना कापड अडकत नाही. शिवणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती जादा पैसेही घेत नाही, निदान मी तरी घेत नाही. आणि मावशींना दिवाळीत फराळाचा डबा द्याच. त्यांचं काम कुठल्याच जीआरमध्ये बसत नाही.

रोजच्या निरोपासाठी शंभर पानी वही ठेवा. व्हॉट्सॲपच्या वर्गाच्या ग्रुपवर मुलाच्या दिव्यांगत्वाबद्दल एक अक्षर लिहू नका. ते सगळ्या गावाला कळवण्यासारखं आहे. वहीत दोन ओळींच्या वर जायचं नाही, नाहीतर बाईंना तो भार होतो. आमच्या वहीत असं असायचं. मी: ‘रात्री पाय आखडले, झोप कमी झालीय. आज लिहायला कमी द्यावं.’ खाली बाईंचं लाल शाईत: ‘तोंडी पाढे घेतले. सतराचा पूर्ण आला.’ तक्रार वहीत लिहायची नाही, ती समोरासमोर. चांगलं झालं ते मात्र जरूर लिहा. ‘बाई, तुम्ही शिकवलेली कविता घरी आजीला म्हणून दाखवली’ असं लिहिलेल्या दिवशी बाई दुसऱ्या दिवसाची नोंद आपणहून करतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण इथेच बरेच जण अडकतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलंच पाहिजे. अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलला किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात. ४० टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक सवलती लागू होतात. पण नुसतं कार्ड घरात असून भागत नाही. शाळा दरवर्षी सरकारला ऑनलाइन देते त्या यू-डायसच्या माहितीत आपलं मूल दिव्यांग म्हणून नोंदलंय का, ते विचारा. ती नोंद नसेल तर सरकारच्या लेखी शाळेत तसं मूलच नाही; मग ना सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेचे विशेष शिक्षक फिरकतात, ना मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता मिळतो. मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा प्रोत्साहन भत्ताही असतो. तो बँक खात्यात येतो, म्हणून मुलीच्या नावाचं खातं आधारला जोडून ठेवा. विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येतात. ते कुठल्या वारी येणार हे शाळेतून कळून घ्या आणि निदान एकदा त्या दिवशी शाळेत जा. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि आई एका बाकावर बसली की जे अर्ध्या तासात ठरतं, ते वर्षभराच्या निरोपानिरोपीत ठरत नाही.

परीक्षेचं शाळा पुढे ढकलत राहते. ‘बोर्डाला बघू की.’ नाही. दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण लेखनिकाला सांगून उत्तर लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. समास कुठे, आकृती कुठे, नवा परिच्छेद कधी, सगळं तोंडाने सांगावं लागतं. म्हणून घटक चाचणीपासून सवय लावायला सांगा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, कलम १७मध्येच लिहिलेलं आहे. ते फक्त दहावी-बारावीपुरतं नाही. बोर्डाचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्याची कागदपत्रं नववीतच जमवायला घ्या.

तोंडी सांगून होत नसेल तर अर्ज. आधी तोंडी, मग लेखी, हा क्रम मोडू नका. थेट अर्ज टाकला की मुख्याध्यापकांना तो वकिलाची नोटीस वाटतो. एका अर्जात एकच मागणी. असा:

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता सहावीचा वर्ग तळमजल्यावर घेण्याबाबत. महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत सहावीत शिकते. तिला जिना चढता येत नाही. याबाबत आपल्याशी बोलणे झाले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६ नुसार या वर्षी तिचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा, ही विनंती. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली आहे.’

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, सही, तारीख घेऊन ती परत आणायची. त्या पोचेशिवाय पुढे कुणीच तुमचं ऐकत नाही. पोच द्यायला टाळाटाळ केली तर भांडू नका, स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर पायऱ्या ठरलेल्या: आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि अगदी शेवटी पुण्याचं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. केंद्रप्रमुखांशीच बोलून पुष्कळ गोष्टी मिटतात, कारण त्यांना वरती उत्तर द्यायचं असतं. भांडून वर्ग खाली आणता येतो, पण त्याच वर्गात पोरीला पुढचे दहा महिने बसायचं असतं, हे ध्यानात ठेवून कुठवर जायचं ते ठरवा.

एका ठिकाणी मात्र अजिबात नमतं घेऊ नका. काही शाळा गोड बोलून सुचवतात, ‘हिला कशाला त्रास? गृहाधारित करू या, शिक्षक घरी येतील.’ २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी घरी शिकण्याची मुभा आहे खरी. पण तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सोय नाही. मुलाला झेपत नसेल तर तुम्ही मागा. शाळेने सुचवलं आणि मूल तर रोज सकाळी दप्तर भरून तयार बसतंय, तर हसून ‘नको, ती येईल’ म्हणा आणि विषय बदला.

शाळा व्यवस्थापन समितीत जागा मिळत असेल तर घ्या. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, त्यांत निम्म्या बाया, आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही प्रतिनिधित्व द्यायचं असतं. दिव्यांग मुलं त्यातच येतात. पण बैठकीत दर वेळी स्वतःच्याच मुलाचा विषय काढला तर लोक घड्याळ बघायला लागतात. पाण्याच्या टाकीचं बोला, पोषण आहाराचं बोला, गळक्या पत्र्याचं बोला. मग रॅम्पचा ठराव मांडलात की हात वर होतात.

आणि शाळा बदलायची असेल, चौथीनंतर किंवा सातवीनंतर, तर निकालाआधीच जुन्या बाईंना एकच काम सांगा: नव्या शाळेतल्या कुणातरी ओळखीच्या शिक्षकांना फोन करून पाच मिनिटं बोला. मी हायस्कुलात गेले तेव्हा कागद पुढे करायच्या आतच क्लार्कने विचारलं होतं, ‘गणित चांगलं असलेली तीच का?’ मे महिन्यात शिक्षक गावी जातात, फोन लागत नाहीत, म्हणून हे एप्रिलमध्येच उरका.