ब्रह्मा आणि असील : पैदाशीसाठी पक्षी निवडण्याचा हंगाम

नवरात्र सरून भातकापणीची गडबड सुरू झाली की खुराड्यातले एक महत्त्वाचे काम नेमके मागे पडते, ते म्हणजे पुढच्या वर्षीच्या पैदाशीसाठी कोणते पक्षी ठेवायचे हे ठरवणे. ब्रह्मा आणि असील यांसारख्या कोंबड्यांच्या थोराड जातींसाठी याच दिवसांत निवड करणे सोयीचे, कारण झडलेली पिसे आता भरून येत असतात आणि चार महिन्यांच्या ओलीत कोणता पक्षी टिकला व कोणता कुरकुरत राहिला हे अजून ताजे असते. मार्गशीर्षात अंडी रवणात (उबवणीला) गेली तर पिल्ले पौषात निघतात आणि जूनचा पाऊस लागेपर्यंत पाच-साडेपाच महिन्यांची, अंगाने घट्ट झालेली असतात. फाल्गुनानंतर काढलेली पिल्ले मात्र कोवळ्या वयातच पावसात सापडतात, शिवाय उन्हाळ्यात नरांची फलनक्षमताही घटते.

जातीचा पक्षी पारखायचा तो प्रमाणावरून, म्हणजे त्या जातीसाठी ठरवून दिलेल्या मापांवरून, शेजाऱ्याच्या कोंबड्यावरून नव्हे. ब्रह्माचे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले तरी ही जात घडली अमेरिकेत, शांघाय बंदरातून नेलेल्या पक्ष्यांपासून, आणि १८७४ साली तिथे निघालेल्या पहिल्या प्रमाणग्रंथात तिची नोंद झाली. त्या प्रमाणानुसार पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे साडेपाच किलो, मादीचे ४.३ किलो, तर वर्षाच्या आतल्या नराचे साडेचार आणि तलंगेचे (तरुण मादीचे) ३.६ किलो धरले जाते. हे आकडे उपयोगी असले तरी त्यांनीच बहुतेकांना फसवले आहे, कारण वजन चरबीनेही वाढते आणि ब्रह्माच्या फुललेल्या पिसांखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पक्षी हातात घ्यावा. डावा तळवा छातीखाली सरकवून दोन्ही पाय बोटांत धरावेत आणि उजव्या हाताच्या बोटांनी छातीचे हाड पुढून मागपर्यंत चाचपावे. ते सरळ आणि लांब लागले पाहिजे. मध्येच वाक किंवा खळगा लागला तर पक्षी कितीही देखणा असला तरी पैदाशीतून वगळावा. (पिल्लांना कोवळेपणी दांडीवर बसू दिल्यानेही हे हाड वाकते, म्हणून अशी खोड अनेक पिल्लांत एकदम दिसली तर आधी खुराड्यातली दांडी तपासावी.) त्यानंतर पाठीची रुंदी पाहावी. खांद्यांत रुंद असलेली पाठ शेपटीकडे एकदम निमुळती होत असेल तर त्या मादीच्या पोटात अंड्यांना पुरेशी जागा नसते. शेवटी पंख उघडून पिसे सलग आहेत ना आणि शेपूट एका बाजूला कलते का, हे पाहावे. आमच्याकडे एका वर्षी सर्वांत वजनदार म्हणून ठेवलेल्या नराची शेपूट जराशी डावीकडे झुकत होती, तिकडे काणाडोळा केला आणि पुढच्या हंगामात तीच कललेली शेपूट निम्म्या पिल्लांत दिसली.

सांगाडा मनासारखा असेल तरच रंगाकडे वळावे. हाडाची बांधणी सुधारायला अनेक पिढ्या जातात, रंग त्यामानाने लवकर ताब्यात येतो. ब्रह्माचा तुरा तीन बारीक रांगांचा, वाटाण्याच्या दाण्यांसारखा आणि बसका असतो, आणि कपाळ डोळ्यांवर किंचित पुढे आलेले असते. दोन्ही पालकांचे तुरे असे असूनही एखादे पिल्लू उभ्या एकेरी तुऱ्याचे निघाले तर दोघेही तो दोष लपवून वाहत आहेत असे समजावे, कारण एकेरी तुऱ्याचा गुण दबून राहणारा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय दिसत नाही. अशा जोडीतून सरासरी चारांत एक पिल्लू तसे निघते, त्यामुळे ती जोडी तिथेच फोडावी.

कोकणात निवडीची खरी कसोटी पायांवर लागते. ब्रह्माच्या पायांवरची पिसे चिखलाने माखतात, आत ओल राहते आणि खवल्यांखाली माइट ही बारीक कीड घर करते. पिसे बाजूला सारून पाहिल्यावर खवले उचललेले आणि पांढुरके दिसले तर पाय कोमट साबणपाण्याने धुऊन, कोरडे करून, खोबरेल तेल दर दोन-तीन दिवसांनी चोळावे. पावसाळाभर पाय स्वच्छ राखलेला पक्षी वजनाने थोडा कमी असला तरी माझ्या मते तोच ठेवावा. जमीन जांभ्याच्या उंच चौथऱ्यावर घेऊन वर भाताच्या तुसाचा चार बोटे थर देता येत नसेल, तर ब्रह्माच्या नादी न लागता असील पाळावा, कारण त्याचे पाय उघडे, पिसे आखूड व अंगाला चिकटलेली आणि बांधा आपल्या हवेला मानवणारा असतो. असीलांची झुंज लावणे मात्र १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

एका ब्रह्मा नरामागे सहा ते आठ माद्या पुरेत. गुदद्वाराभोवतीची दाट पिसे दोघांचीही कातरावीत, नाहीतर मिलन नीट न झाल्याने अंडी फळत नाहीत आणि फुकट जातात. नर बदलला तर आधीच्या नराचा अंश संपण्यासाठी तीन आठवडे थांबून मगच उबवणीची अंडी गोळा करावीत. दिवस लहान झाल्याने अंडी घटू नयेत म्हणून पहाटे दिवा लावून एकूण चौदा तास उजेड द्यावा. रक्त फार जवळ येऊ नये म्हणून तीन खुराडी करावीत, तलंगा आईच्याच खुराड्यात ठेवाव्यात आणि नर दरवर्षी पुढच्या खुराड्यात सरकवावेत.

ब्रह्मा मादी खुडूक होते, पण तिच्या वजनाखाली अंडी फुटतात, त्यामुळे शांत स्वभावाच्या गावठी कोंबडीखाली आठ-नऊ अंडी ठेवणे उत्तम. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. अंडी उबवणीच्या यंत्रात ठेवणाऱ्यांनी हवा फिरवणाऱ्या यंत्राचे तापमान ३७.५ अंश आणि आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के ठेवावी, नंतर अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी.

पिल्ले निघाली की बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून वंश नोंदवावा. दोन पायांचे मिळून चार पडदे असल्याने सोळा निरनिराळ्या खुणा होतात, आणि त्या वहीत उतरवल्याशिवाय पुढची निवड नुसता अंदाज ठरते. राणीखेत, गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे टोचून घ्याव्यात. देवी डासांमार्फतही पसरते, हे आपल्याकडे विसरून चालणार नाही. खाद्यात जवळा किंवा सुकट घालायची झाल्यास ती भिजवून खारेपणा काढून टाकावा, कारण जादा मीठ पिल्लांना बाधते. अंड्यावर येणाऱ्या तलंगांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

या जाती सावकाश भरतात, म्हणून चौथ्या महिन्यात फक्त उघड दोष असलेले पक्षी बाजूला काढावेत आणि बाकीच्यांचा निवाडा पुढच्या आश्विनावर सोडावा. बाजूला काढलेले नर मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, सागुतीसाठी विकले जातात.