उभ्या अहवालात आडवा तक्ता: एक्सेलमधील आकडे वर्डमध्ये कसे बसवावेत

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट लागला की ठाण्यात सोसायटी-सोसायटीत अहवालाचे काम निघते आणि एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांच्या देखभाल शुल्काचा एक्सेलमधील तक्ता वर्डच्या उभ्या पानात कसा मावणार, हा प्रश्न चिटणीसांपुढे येतो. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव आणि थकबाकी धरून पंधरा रकाने होतात. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडल्यास एका रकान्याच्या वाट्याला सरासरी ११ मिलिमीटर येतात, तर आडव्या पानावर १७. अक्षर बारीक करत जाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. अहवाल वाचणाऱ्यांत ज्येष्ठ सभासद बरेच असतात आणि आपल्या नावापुढचा आकडा त्यांना चष्म्यानिशी तरी वाचता आलाच पाहिजे.

अख्खा तक्ता फिरवण्याची सोय वर्डमध्ये नाही. फक्त चौकटीतील मजकुराची दिशा बदलता येते. म्हणून तक्ता चित्र म्हणून चिकटवून ते चित्र फिरवावे, असे सर्रास सांगितले जाते. मला हा मार्ग मान्य नाही. लेखापरीक्षकांनी एक आकडा बदलला तरी सगळे पुन्हा करावे लागते आणि तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर रकान्यांची शीर्षके तिथे येत नाहीत. एक्सेलची वस्तू म्हणून तक्ता घातला तर धोका आणखी मोठा आहे, कारण त्यासोबत संपूर्ण वर्कबुक वर्डच्या फाइलमध्ये शिरते आणि दुसऱ्या शीटवरचे सभासदांचे फोन क्रमांकही फाइल मिळालेल्या प्रत्येकाला उघडता येतात. तक्ता साधाच चिकटवावा आणि फिरवायचे ते पान फिरवावे.

त्यासाठी तक्त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे वेगळ्या मांडणीचे भाग (सेक्शन) पाडणाऱ्या खुणा, लागतात. हाच टप्पा मला एके काळी फार जड गेला होता, म्हणून त्याचा क्रम नीट सांगतो. तक्ता चिकटवण्यापूर्वीच, तो जिथे यायचा आहे तिथे कर्सर ठेवून ‘लेआउट’मधील ‘ब्रेक्स’मधून सेक्शन ब्रेकखालील ‘नेक्स्ट पेज’ निवडावे, एक एंटर द्यावा आणि पुन्हा तेच करावे. वर दिसणारा ‘पेज’ हा पर्याय घेऊ नये. त्याने पान बदलते, सेक्शन बदलत नाही, आणि पुढे अख्खा अहवाल आडवा होतो. ‘होम’मधील ¶ हे चिन्ह दाबून दोन्ही ब्रेक डोळ्यांनी पाहून घ्यावेत. यातील पहिला ब्रेक चुकूनही पुसू नये. सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते, त्यामुळे तो गेला की त्याच्या वरची उभी पाने खालच्या सेक्शनप्रमाणे आडवी होतात.

आता मधल्या पानावर कर्सर ठेवून ‘ओरिएंटेशन’मधून ‘लँडस्केप’ करण्याआधी फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पट्टी, उघडावा आणि ‘लिंक टू प्रीव्हिअस’ बंद करावे. हेडरसाठीही, म्हणजे माथ्याच्या पट्टीसाठीही, तसेच, आणि तिसऱ्या सेक्शनमध्येही दोन्ही ठिकाणी. हे चार वेळा करणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, नाहीतर आडव्या पानावर केलेला बदल मागच्या-पुढच्या पानांवर पसरतो.

पान आडवे झाले की त्याचा क्रमांक लांब कडेला जातो आणि बांधलेल्या अहवालात तो इतरांच्या रांगेत राहत नाही. एकपाठी अहवालाची शिवण डावीकडे असते आणि आडव्या तक्त्याचा माथा त्या शिवणीकडे ठेवतात. म्हणजे उभ्या पानाचा तळ ही आडव्या पानाची डावी कड झाली. फूटर उघडा असतानाच जुना क्रमांक पुसावा, डाव्या समासात टेक्स्ट बॉक्स काढावा, त्यात ‘पेज नंबर’मधील ‘करंट पोझिशन’ने क्रमांक घालावा आणि मजकूर ९० अंशांत फिरवावा. हेडरमधील संस्थेचे नाव याच रीतीने उजव्या कडेला न्यावे. स्पायरलची भोके वरच्या समासातून जातील, म्हणून तो तीन सेंटिमीटर ठेवावा. पाठपोट छापायचे असेल तर मागच्या बाजूला शिवण तळाशी येते, तेव्हा खालचाही तेवढाच.

एक्सेलमधील तक्ता निवडून मधल्या सेक्शनमध्ये चिकटवावा, ‘ऑटोफिट विंडो’ करावे आणि शीर्षकाच्या ओळीवर ‘रिपीट हेडर रोज’ लावावे.

नौपाड्यात झेरॉक्सच्या दुकानात नेताना वर्डची फाइल न नेता पीडीएफ न्यावी. तिथल्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसेल तर रकाने सरकतात आणि एका पानाचा तक्ता दोन पानांवर जातो.