रजा तोंडी मागू नका, 15 दिवस आधी मेल टाका

गणपतीला गावी जायचं म्हणून साहेबांना विचारलं की "बघू" म्हणतात आणि तिकीट काढून झाल्यावर नाही म्हणतात, माझं दोन वर्षं हेच झालं.

आता मी 15 दिवस आधीच मेल टाकते, त्यात तारखा, शिल्लक रजा किती आणि माझं काम कोण बघणार त्याचं नाव. तोंडी नकार आला तर लगेच दुसरा मेल, "आज आपण रजा नाकारलीत, कृपया कारण कळवावे", बास एवढंच.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात (20 किंवा जास्त कामगार असतील तिथे; 2025 च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा 10 होती) 15 दिवस आधी मागितलेली हक्काची रजा नाकारली तर 45 दिवसांच्या वर साठलेल्या रजेचे पैसे मागता येतात, म्हणून दोन्ही मेल जपून ठेवा.

फक्त मंजुरी नसताना परस्पर दांडी मारू नका, आपलीच बाजू लंगडी पडते.