गावातील सामाजिक वर्गबदलाची नोंद कशी करावी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठापासून गिरणारेपर्यंत आणि पुढे त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे फार्महाऊस, व्हिला व वायनरी वाढल्या, हे गाडीतून जाणाऱ्यालाही दिसते. त्यातून गावातले कोण वर गेले आणि कोण खाली आले, हे मात्र कागद आणि माणसे दोन्ही वाचल्याशिवाय कळत नाही. अशी नोंद करताना बंगले मोजत बसू नये; जमिनीपासून सुरुवात करावी.

एकच शिवार निवडून त्यातील जमिनीच्या गटांचे सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पाहावेत आणि फेरफारांवरून, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींवरून, विक्रीचा क्रम लावावा. खरेदीदाराचा पत्ता व मोबदला सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या गोषवाऱ्यात, मिळतो. मोबदल्याचा आकडा किती खरा मानायचा, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. पीकपाहणीत भात, नागली किंवा द्राक्षाच्या जागी सलग काही वर्षे ‘पड’ दिसत असेल, तर त्या जमिनीवरची मजुरी संपली असे समजून पुढची चौकशी करावी. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला देण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते. म्हणून सातबाऱ्यावर आदिवासी कुटुंबाचे नाव आणि बांधावर दुसऱ्याचे कुंपण आढळल्यास ती स्वतंत्र नोंद करावी, कारण नाव न बदलताही ताबा बदललेला असू शकतो.

यानंतर घरोघरी जावे, आणि खरा वेळ येथेच द्यावा. सगळी जमीन विकलेले, थोडी विकलेले, मुळीच न विकलेले आणि भूमिहीन, अशा चारही प्रकारच्या घरांत जावे. विकणाऱ्यांना पैशाचे पुढे काय झाले ते विचारावे: दुसरीकडे जमीन घेतली, मुलांच्या शिक्षणाला लावला, की घर, गाडी आणि लग्नात संपला? भूमिहीनांच्या बाबतीत घाई करू नये. शेतमजुराला राखणदारीचा किंवा बागकामाचा महिन्याचा पगार मिळू लागला, एवढ्यावरून तो वर गेला असे लिहिणे चुकीचे ठरेल. पूर्वी बांधावरचे गवत, जळण आणि अडीअडचणीला मिळणारी उचल यांतले आज काय उरले आहे, हेही त्याच पानावर आले पाहिजे. बंगल्यांवर स्वयंपाक व धुणीभांडी करणाऱ्या बायकांशी घरातील पुरुषांच्या अनुपस्थितीत बोलावे.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घेऊन एखाद्या जुन्या गुराख्याबरोबर शिवरस्ते आणि पाणंदी चालून पाहाव्यात. कुंपणाने वहिवाटीची वाट अडली असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. परंतु त्यासाठी अडथळा आल्यापासून सहा महिन्यांचीच मुदत असल्याने वाट बंद झाल्याची तारीख त्याच दिवशी, साक्षीदारांसह लिहून ठेवावी.