शिवणकाम शिकताय? टार्गेट ठरवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की ठाण्यात दर बिल्डिंगमध्ये कोणीतरी नवीन शिलाई मशीन आणतं, आणि टार्गेट जवळपास सगळ्यांचं एकच असतं, गणपतीपर्यंत स्वतःचा ब्लाउज स्वतः शिवायचा. गणपती येतात आणि जातात, ब्लाउज अर्धा कापलेला पिशवीत राहतो आणि दिवाळीपर्यंत मशीनवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मग "माझ्या हातात ते नाहीच" असं म्हणून विषय बंद. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं कारण बऱ्याच वेळा हातात काहीच खोट नसते, टार्गेटच चुकीचं घेतलेलं असतं.

ब्लाउजपासून सुरुवात

सगळ्यात मोठी चूक ही. ब्लाउज दिसतो एवढासा, कापड लागतं मीटरच्या आत, त्यामुळे वाटतं की यापेक्षा सोपं काय असणार. पण त्याच्यात अस्तर जोडणं, टक्स (फिटिंगसाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या), मुंढ्याचा म्हणजे बाही जोडायच्या जागेचा गोलवा, बाही बसवणं, गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, हुकपट्टी असं सगळं एकदम येतं आणि वर तो अंगाला चिकटून बसायला हवा, अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी काखेत ओढतं. बाहीचा वरचा गोलवा मुंढ्यापेक्षा थोडा जास्त लांब असतो आणि तो चुणी न पडता त्यात सामावून घ्यायचा असतो, हे एकटं जमायलाच नवीन माणसाला बराच सराव लागतो. आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजीचा ट्रेड एक वर्षाचा असतो, तिथे मुली रोज मशीनवर बसतात तरी वर्ष लागतं, आणि आपण वीस मिनिटांचा व्हिडिओ बघून महिन्याभरात ब्लाउज घालायचं ठरवतो.

म्हणून काय शिवायचं यापेक्षा यावेळी हाताला काय जमलं पाहिजे ते ठरवा, वस्तू त्यावरून निवडा. उशीचा अभ्रा घेतला तर सरळ टीप आणि कोपरा वळवणं शिकता. बाजाराची पिशवी घेतली की जाड थरावर टीप मारणं आणि बंद पक्के करणं येतं. मग सहा कळ्यांचा (तिरक्या कापलेल्या सहा तुकड्यांचा) परकर घ्या, मला विचाराल तर शिकायला याच्यासारखी वस्तू नाही, दोन-सव्वादोन मीटर पॉपलिनमध्ये होतो, कळ्यांची तिरकी कड जोडताना कापड कसं ताणलं जातं ते कळतं, नेफा (नाडी ओवायची पट्टी) करायला शिकता, खालची पट्टी दुमडायला शिकता, आणि जरा वाकडा झाला तरी साडीच्या आत घालता येतो. मग बिनबाह्यांचा सैल कुर्ता, मग बाह्यांचा, आणि मग ब्लाउज. हे सगळं व्हायला वर्ष गेलं तरी चालेल, आणि तोवर घरात वापरातल्या कितीतरी गोष्टी तुमच्या हातच्या असतील.

आपल्याकडे नसलेला वेळ धरून चालणं

सकाळची लोकल पकडणारं माणूस घरी पोचतं आठ वाजता, नंतर जेवण, डबे, मुलांचा अभ्यास. त्यात "रोज दोन तास शिवीन" हे दुसऱ्या आठवड्यातच कोलमडतं. शिवाय वन बीएचकेमध्ये मशीन मांडायचं म्हणजे डायनिंग टेबल रिकामं करा, मांडा, परत आवरा, यातच अर्धा तास जातो आणि तो कोणी हिशोबात धरत नाही.

त्यापेक्षा कामाचे तुकडे पाडा. कटिंगला लादी मोकळी लागते आणि डोकं शांत लागतं, ते रविवारी सकाळी. मशीनवरची टीप शनिवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. आणि रात्री दहानंतर मशीन चालवूच नका, खालच्या मजल्यावर धडधड पोचते (मशीनखाली रबर मॅट किंवा घडी केलेली सतरंजी ठेवली की आवाज बराच कमी होतो, तरीपण). रात्री हातशिलाई ठेवा, हुक लावणं, खालची पट्टी हाताने घालणं, उसवणं. आणि हो, उसवण्याचा वेळ आधीपासून धरा. पहिल्यांदा करत असलेल्या कुठल्याही वस्तूला जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा, मग चिडचिड होत नाही.

एकदम पाच पीस आणणं

कापड घ्यायला जांभळी नाक्याला गेलं किंवा दादरला हिंदमाताला उतरलं की हात आवरत नाही हे मला माहितेय, पण कपाटात न शिवलेलं कापड साठलं की रोज ते आपल्याकडे बघतंय असं वाटतं आणि मशीनवर बसायची इच्छाच जाते. एका वेळी एकाच वस्तूचं कापड. ते पण कॉटनच, पॉपलिन, मांजरपाट, रुबिया असलं. साटीन आणि जॉर्जेट सुरुवातीला नकोच, कापताना सरकतं, टिपेखाली पळतं, आणि दोष आपण स्वतःला देतो.

कॉटन आधी भिजवून घ्यायचं, नाहीतर शिवलेला कपडा पहिल्या धुण्यात आटतो. आता जुलैमध्ये ठाण्यात किंवा नेरूळला कापड भिजवलं तर ते दोन दोन दिवस वाळत नाही, म्हणजे "आज आणलं उद्या कापलं" होणारच नाही, तेवढे दिवस टार्गेटमध्ये धरूनच चाला.

मशीनचा प्रॉब्लेम आपल्या अंगावर घेणं

यावर मी जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त लोक इथे सोडून देतात. टीप नीट येत नाही म्हणजे मला येत नाही, असं नसतं. हे आधी तपासा.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतोय, तर सगळे बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे बघतात आणि त्याच्या डबीचा बारका स्क्रू फिरवत बसतात. तो स्क्रू सोडा. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांमध्ये बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा प्रेशर फूट वर उचला (खाली असेल तर चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा आत जातच नाही), वरचा दोरा पूर्ण काढून परत पहिल्यापासून ओवा. टिपेच्या सुरुवातीलाच गुंता होत असेल तर दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले दोन-तीन टाके घ्या.

टाके सुटतायत, तर सुई. बोथट झालीय, किंचित वाकलीय, पूर्ण वरपर्यंत गेलेली नाही किंवा उलटी बसलीय. सुईच्या वरच्या भागाला एक सपाट बाजू असते, बऱ्याच घरगुती झिगझॅग मशीनमध्ये ती मागच्या बाजूला येते, जुन्या काळ्या मशीनमध्ये वेगळी असते, म्हणून मशीनबरोबरचं पुस्तक बघाच. नंबर पण बघा, पातळ कापडाला 11, साध्या कॉटनला 14, जीन्सला 16. सुई तुटेपर्यंत वापरायची नसते, साधारण आठेक तास मशीन चाललं की बदलायची, स्वस्त असते.

मशीन जड चालतंय, तर आधी खालची कापसासारखी धूळ ब्रशने काढा, मग जिथे तेल घालायला सांगितलंय तिथेच थेंब थेंब मशीनचं तेल. खोबरेल तेल अजिबात नको, ते चिकट होऊन मशीन जाम होतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर चालवा नाहीतर नव्या कापडावर डाग.

आणि दरवेळी त्याच कापडाच्या दुहेरी चिंधीवर टीप मारून बघितल्याशिवाय खऱ्या कापडाला हात लावू नका.

"परफेक्ट यायला पाहिजे"

हे टार्गेट नाही, कारण ते झालं की नाही हे कळतच नाही. त्याऐवजी मोजता येईल असं घ्या, पुढच्या अभ्र्यात चारही बाजूंनी टीप कडेपासून सारखी पाव इंचावर आली पाहिजे, बस. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर ठेवलीत तर इंचाला साधारण दहा टाके येतात, पट्टी लावून मोजा. हात सरळ होण्यासाठी दोरा काढून वहीच्या रेघी पानावर मशीन चालवा, भोकं रेघेवर आली की नाही ते लगेच दिसतं. सुई मात्र नंतर बदला, कागदाने बोथट होते.

लोकांची कामं घेणं

सोसायटीत कळलं की तुमच्याकडे मशीन आहे, की "अगं माझ्या साडीला फॉल लावून देशील का" सुरू होतं. फॉल एखादवेळ ठीक, पण दुसऱ्याचा ब्लाउजपीस घेऊ नका. पैठणीबरोबर आलेला पीस एकच असतो, बिघडला तर तसा दुसरा मिळणार नाही आणि संबंध पण बिघडतात. "काकू, अजून हात बसला नाहीये माझा" एवढं सांगितलं तर कोणी रागवत नाही. एकच वस्तू स्वतःसाठी लागोपाठ तीनदा सारखी आली, न उसवता आली, की मग ती दुसऱ्यासाठी शिवायला घ्या. पैशांचं त्यानंतर बघता येईल.